शांततेनंतरचा पहिला मेल

कोंबड्यांच्या शेडची शेवटची भिंत आणि आमच्या खोलीची पहिली भिंत एकच होती. नवापूरच्या बाहेर, हायवेपासून बरंच आत, एका पोल्ट्रीवर माझा बाप, आबा, कामाला होता. कामाबरोबर ती खोली मिळाली होती. भिंतीपलीकडे हजारो पक्षी. सकाळी डोळे उघडण्याआधी नाकाला कळायचं, आपण कुठे आहोत. पावसाळ्यात तर भिंतीला ओल यायची आणि त्या ओलीलाही तोच वास. माय माझा शाळेचा गणवेश लांब, हायवेकडच्या कुंपणावर वाळत घालायची, तिकडे वारा असतो म्हणून. तरी मी वर्गात शिरले की पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. एका बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. चांगल्या मनाने बसवलं असणार. मला तेव्हा एवढंच कळलं की मला वेगळं बसवलंय.

मी सहावीत असताना एका हिवाळ्यात शेड गप्प झालं. पिठाची गिरणी चालू असावी तसा आवाज आम्ही उशाला घेऊन झोपायचो. तो दोन दिवसांत कमी कमी होत गेला. आबा मेलेले पक्षी पोत्यात भरून बाहेर नेत होता, उघड्या हातांनी. मग एक दिवस जीप आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेले लोक उतरले आणि आम्हाला खोलीतून बाहेर काढलं. पलीकडच्या रानात जेसीबीने खड्डा खणला. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी धानोऱ्याला काकाच्या घरी गेलो. तिथे गोठ्याच्या अर्ध्या भागात राहिलो. गावात बर्ड फ्लूची बातमी आमच्या आधी पोचली होती. पिठाच्या गिरणीत मायने डबा खाली ठेवला की शेजारची बाई आपला डबा उचलून दुसरीकडे ठेवायची. कोणी काही बोललं नाही. पण आबाला कामावरही कोणी बोलावलं नाही. माय नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जायला लागली. संध्याकाळी ती परतली की आधी घमेल्यात पाणी घ्यायची आणि दोन्ही हात बुडवून बसायची. तिच्या हातांची इतकी आग व्हायची की भाकरी मला थापावी लागायची.

दीड वर्षाने आबा पुन्हा पोल्ट्रीवर गेला. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि हे काम त्याच्याइतकं चांगलं फार कमी लोकांना येत होतं.

मी नवापूरहून पॅसेंजरने नंदुरबारला जाऊन कॉलेज केलं. कॉम्प्युटर विषय घेऊन पदवी मिळवली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या वर्गात बसलेलं नव्हतं. हे मी मिरवते. ज्यांना मिरवणं वाटतं त्यांना वाटू दे.

नोकरी मिळाली तीही नवापूरलाच, पोल्ट्रीच्याच ऑफिसात. आबा तेव्हा ज्या पोल्ट्रीवर होता, तिच्याच. मालक म्हणजे शेठजी, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घरातले. घरी मारवाडी बोलायचे, सुरतेला फोनवर गुजराती आणि आमच्याशी अहिराणी, तीही आमच्यापेक्षा ठसक्यात. ऑफिसात सगळे मिळून सहा जण. कॉम्प्युटरचं कळणारी मी एकटी. मागच्या खोलीत, जिथे आधी खाद्याची रिकामी पोती ठेवायचे, तिथे मी कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. भिंत धुऊन घेतली, एसी बसवून घेतला, दारावर पाटी लावली: विचारल्याशिवाय आत येऊ नये. शेठजींनी ती पाटी वाचली आणि दारावर टकटक करून मला विचारलं, "येऊ का, बेन?" सगळे हसले. मी नाही हसले. मला बरं वाटलं होतं.

मग एका सकाळी एक खोटा मेल आला. नाव आमच्या पक्ष्यांचे नमुने तपासणाऱ्या लॅबचं, वर लिहिलेलं 'रिपोर्ट', खाली जोडलेली फाइल. हिशेबाच्या टेबलावरून कोणीतरी ती उघडली आणि तासाभरात तीन कॉम्प्युटर बसले. त्यातला एक हॅचरीतलं, म्हणजे अंडी उबवायच्या खोलीतलं, तापमान दाखवणारा होता. तो आंधळा झाला तेवढ्या वेळात यंत्रातली अंडी वाया गेली. शेठजी मला ओरडले नाहीत. ते म्हणाले, "आते असं व्हवाले नको."

म्हणून मी फिल्टर बसवला. फिल्टर म्हणजे सर्व्हरच्या दारातला तपासनीस. मेल आला की तो आधी बघतो, पाठवणारा ओळखीचा आहे का, जोडलेली फाइल बरी आहे का. पटलं तर आत सोडतो. ओळखीच्या लोकांची यादी आमच्या कोंबड्यांचं खाद्य दळणाऱ्या फीड मिलच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनवर होती, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही ऑफिसांच्या मध्ये मी एक फायरवॉल बसवला होता. दोन्हीकडची ये-जा त्या छोट्या डब्यातूनच व्हायची. फिल्टर प्रत्येक मेलसाठी त्या वाटेने यादीला विचारायचा आणि उत्तर आलं की मेल सोडायचा. सगळं मिळून दोन सेकंद.

महिनाभर ठीक चाललं. मग तक्रार सुरू झाली की दुपारचा पहिला मेल उशिरा येतो. आमच्याकडे मेल सकाळी येतात, खाद्याच्या ऑर्डरी, आणि संध्याकाळी येतात, अंड्यांचे भाव. दुपारी सगळं सामसूम असतं. त्या सामसुमीनंतर जो पहिला मेल येईल तो दारातच अडकायचा. पंधरा मिनिटं, कधी तास. त्याच्या मागचे मात्र भराभर यायचे.

फीड मिल सांभाळणारे मॅनेजर काका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना नवा विषय मिळाला.

"पोरी, तुन्हं मशीन जेवीसन झोपी जास का वं?"

"काका, मशीन झोपत नही," मी म्हटलं. "झोपणारी मंडळी येगळी शेत."

ते रोज जेवल्यावर खुर्चीत मान मागे टाकून घोरायचे. ऑफिस हसलं. काकाही हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मी दर वेळी सर्व्हरच्या खोलीत जायचे, स्वतःलाच एक मेल पाठवायचे आणि तो दोन सेकंदांत यायचा. मी बाहेर येऊन सांगायचे, काही झालेलं नाही. मी तपासायला जायचे तेव्हा सर्व्हर धडधाकट असायचा. माझी पाठ फिरून तासभर गेला की पुन्हा तेच. मला त्या खोलीत शिरताना कसंसं व्हायला लागलं. समोर कोणीतरी श्वास धरून बसलंय आणि माझ्या जाण्याची वाट बघतंय, असं वाटायचं.

मी मेमरी वाढवली, कारण रिकामा बसलेला प्रोग्राम मशीन कधी कधी डिस्कवर ढकलून देतं आणि परत आणायला वेळ लावतं. फरक पडला नाही. नावावरून पत्ता शोधण्याची सोय बदलली. फरक पडला नाही. त्यानंतर मी ते प्रकरण बाजूला ठेवलं. थोडा उशीर होतो तर होऊ दे, भाव पंधरा मिनिटांनी कळले म्हणून कोणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे लिहायला जड जातं, पण सांगितलं होतं.

जानेवारीत चार नंबरचं शेड गप्प होऊ लागलं. चार नंबर आबाचं होतं.

पहिल्या दिवशी पंचवीस-तीस पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी ते कोणी मोजले नाहीत, किंवा मोजून मला सांगितले नाहीत. शेठजींनी शेडच्या कुंपणाचं गेट बंद करवलं. आत अकरा माणसं होती. रिपोर्ट येईपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. नमुने लॅबला गेले. मी मॅनेजर काकांना विचारलं की आतल्या लोकांना ते पांढरे कपडे, मास्क, हातमोजे का देत नाहीत.

"पोरी, साधा रोग बी ऱ्हाई सकस. आते त्या कपडा घालीसन माणसं दिसनात ना, तं सांजपावत गावभर बोंब व्हई. रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट खराब उना तं पंधरा मिनिटमा सगळासले बाहेर काढसूत, दवाखानामा लई जासूत."

हे सगळ्यांनाच मान्य होतं. शेठजींना, आतल्या लोकांनाही. म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत आबा मेलेले पक्षी उचलणार होता. आणि रिपोर्ट माझ्या सर्व्हरवर येणार होता.

रोज दुपारी मी मायने दिलेला डबा गेटच्या खिळ्याला अडकवून वीस पावलं मागे सरायचे. मग आबा यायचा आणि आम्ही तेवढ्या अंतरावरून बोलायचो. त्याच्या नाकातोंडावर गमछा होता. बस, तेवढाच.

"काय म्हणस तुन्ही माय?"

"इचारस, कव्हय येशी."

"तिले सांग, आठे मन्ही बडदास्त चाली ऱ्हायनी. जागेवर डबा, काम नही, गप्पा मारनारं कोणी नही." मग त्याने एकदा मागे वळून बघितलं. "पोरी, एक गोट सांगू का? बाहेर कोणले बोलू नको."

पोल्ट्रीत काम करणारा माणूस शेडात कधी एकदम शिरत नाही. आधी दारावर थापा मारतो, तोंडाने आवाज देतो, मग दार उघडतो. न सांगता शिरलं तर पक्षी बिथरतात, सगळे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. आबा तर दार उघडण्याआधी त्यांच्याशी बोलायचा. आतून कलकलाट व्हायचा, तोच त्याचा होकार.

"आज सकाये थाप मारी," आबा म्हणाला. "आवाज दिधा. एकबी हालनं नही."

त्याने डोळे चोळले. ते लाल झाले होते.

"डोयाले काय व्हयनं, आबा?"

"भुसा गया. तू जाय, तुन्हं काम देख."

पहिला रिपोर्ट त्याच दिवशी दुपारी यायचा होता. तीन वाजले, चार वाजले. मी लॅबला फोन केला. फोनवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडून दोन वाजून दहा मिनिटांनी गेलेला आहे. तुमचा सर्व्हरच घेत नाहीये. नंतर या, म्हणतोय."

"मग तोंडी सांगा ना. काय आलंय?"

"तोंडी सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर नाही, दुसऱ्या पत्त्यावर नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरच जातो."

"अहो, माझे वडील आत आहेत."

"मॅडम, मला तो उघडायचाच अधिकार नाही. आमचं मशीन पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. येईल."

तो पाच वाजून चाळीस मिनिटांनी आला, संध्याकाळचे भाव यायला लागल्यावर. त्यात लिहिलं होतं: नमुना पुरेसा नाही, नव्याने पाठवावा. नमुना घेऊन जाणारी गाडी पाचला निघून गेली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी कळलं असतं तर दुसरा नमुना त्याच गाडीत बसला असता. आता तो दुसऱ्या सकाळी जाणार आणि रिपोर्ट तिसऱ्या दुपारी. माझ्या दारात साडेतीन तास अडकलेल्या एका मेलमुळे आबाचा आणखी एक दिवस आत गेला.

मी शेठजींकडे गेले आणि म्हटलं, दोन दिवस फिल्टर बंद ठेवते.

"नही, बेन," ते म्हणाले. "मांगे कोना नावनं खोटं पत्र उनं व्हतं? लॅबनाच ना? आते तर समदा रिपोर्टनी वाट देखी ऱ्हायनात. कोणी बी उघाडी. हॅचरीमा आते लाख अंडा शेत. फिल्टर बंद करानं नही. बाकी तुले जे करनं व्हई ते कर."

त्यांचं चुकत नव्हतं. मी मनात ठरवलं, रिपोर्टच्या दुपारपर्यंत नाही सापडलं तर न विचारता बंद करायचं. मग नोकरी जाऊ दे, आणि खोटा मेल आलाच तर तोही माझ्या डोक्यावर.

लॅबचा पत्ता मी 'न तपासता सोडा' या यादीत टाकला. मग ध्यानात आलं की ती यादीही फीड मिलच्या त्याच मशीनवर आहे. म्हणजे लॅबला सोडायचं की नाही हे विचारायलाही फिल्टर त्याच वाटेने जाणार आणि त्याच जागी अडकणार. एवढं कळल्यावर माझी शंका फीड मिलवर गेली. काका जेवल्यावर मोबाइल चार्जिंगला लावतात, त्यासाठी जुन्या मशीनचं बटण बंद करत असणार. मी तशीच आवार ओलांडून गेले आणि चार माणसांसमोर म्हटलं, "काका, तुम्हनी झोप व्हस, आनि मन्हा बाप तठे मरी ऱ्हायना."

काका उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले, "मी बटनले हात लायेल नही. तुन्हा बाप आनि मी एकच साले कामले लागनूत." आणि ते बाहेर निघून गेले. मी जुन्या मशीनची नोंद उघडली. ते गेल्या चार महिन्यांत एकदाही बंद पडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तपासायची रीत उलटी केली. आजवर मी मेल पाठवून बघत होते, आणि पाठवलेला प्रत्येक मेल त्या वाटेला जागं करत होता. आता काहीच करायचं नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना मेल न पाठवण्याची विनंती केली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. दहा मिनिटं शांतता, मग एक मेल. दोन सेकंदांत आला. वीस मिनिटं शांतता. आला. बसून राहण्यासारखं वाईट काम नाही. खिडकीतून चार नंबरचं छप्पर दिसत होतं. एरवी या अंतरावरूनही शेडचा आवाज येतो. आता आवारातल्या लिंबावरच्या कावळ्यांचा येत होता, आणि कावळे रोजच्यापेक्षा जास्त होते.

एकोणतीस मिनिटांची शांतता. मेल आला.

एकतीस मिनिटांची. मेल अडकला.

मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मेमरी कमी पडली असती किंवा जाळं खराब असतं तर वेळ कधी जास्त भरली असती, कधी कमी. बरोबर तीस मिनिटं कोणीतरी हाताने लिहिल्याशिवाय येत नाहीत. फिल्टरमध्ये तीस कुठे नव्हते. जुन्या मशीनवर नव्हते. मी फायरवॉलची पानं उघडली आणि तिथे ती ओळ होती: रिकामं कनेक्शन तीस मिनिटांनी तोडावं. पुढे लिहिणाऱ्याचं टिपण. टिपण माझं होतं.

त्या डब्यावर ही वेळ मुळात खूप मोठी असते. मी ती कमी केली होती. का केली, तेही आठवलं. आमच्या घरात वापर नसताना काही चालू ठेवणं म्हणजे मोठा गुन्हा. खोलीतून पाणी प्यायला बाहेर गेलं तरी बल्ब बंद करून जायचं. नळाखाली घागर भरत असेल तर तिच्याजवळ उभं राहायचं. डबा बसवताना ती रिकामी, उघडी राहिलेली वाट बघून माझा हात आपोआप गेला असणार. कोणी वापरत नाही ना, मग बंद. आणि मला वाटलं असणार, काय शिस्तीची मुलगी आहे.

डबा ती वाट तोडायचा, पण तोडल्याचं कोणालाच सांगायचा नाही. फिल्टरला वाटायचं, वाट उघडी आहे. मेल आला की तो त्या मेलेल्या वाटेने विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. पाच मिनिटांनी सर्व्हर लॅबच्या मशीनला सांगायचा, नंतर या. फिल्टरला वाट तुटल्याचं कळून तो नवी वाट काढायचा तोवर पंधरा मिनिटं गेलेली असायची. आणि लॅबचं मशीन पुन्हा यायचं ते तासाभराने, तोवर नव्या वाटेचीही तीस मिनिटं उलटून गेलेली. असं ते दर वेळी बंद दारावरच येत राहिलं.

मी खोलीत एकटी होते. ज्या पदवीच्या जोरावर मी काकांना चार माणसांत बोलले, त्याच पदवीच्या जोरावर तो आकडा तिथे लिहिला होता.

दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. डब्यावरची वेळ पुन्हा मोठी केली. फिल्टरला शिकवलं की काम असो नसो, दर दहा मिनिटांनी त्या वाटेवर एक थाप मारायची. आणि विचारल्यावर तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर बसून राहायचं नाही, ती वाट सोडून नवी काढायची. मग पन्नास मिनिटं कशालाही हात न लावता बसले. मेल पाठवला. दोन सेकंद.

आधी फीड मिलवर गेले. काका वजनकाट्याजवळ उभे होते. आजूबाजूला कालचीच माणसं.

"काका, बटन तुम्ही बंद करेल नव्हतं. वाट मीच बंद करेल व्हती. मन्ही चूक शे."

काकांनी हातातली पावती नीट घडी घालून खिशात ठेवली. "समदासमोर बोलनी, समदासमोर सांगं. चालनं. आते मशीन जागं ऱ्हाई का?"

"ऱ्हाई."

"मंग रडू नको. तुन्हा बाप देखी तं मन्हाच डोकामा पोतं मारी."

शेठजींनाही सांगितलं. ते म्हणाले, "चूक सांगी ऱ्हायनी, हाई बरं शे. पन उद्या दुपारनं पत्र वखतवर येवाले पाहिजे, बेन. ते नही उनं, तं मी बी काही बोलाले ऱ्हावाव नही आनि तू बी नही."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा अडकवायला गेले तेव्हा गेटवर आबा आला नाही. दुसराच माणूस आला. त्याने लांबून सांगितलं, "तुन्हा आबा पडेल शे. आंग गरम शे त्यानं." मी विचारलं, कधीपासून. त्याने हात हलवला, म्हणजे त्याला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. त्याचेही डोळे लाल होते.

मी सर्व्हरच्या खोलीत येऊन बसले. दीड वाजला. दोन वाजले. बोटं शिवशिवत होती, एक मेल पाठवून बघू, चालतंय ना. पाठवला नाही. पाठवला असता तर मीच वाटेला जागं केलं असतं आणि माझी दुरुस्ती खरी की खोटी, मला कधीच कळलं नसतं. फिल्टर बंद करण्याची आज्ञा मी दुसऱ्या खिडकीत लिहून ठेवली होती, एक बटण दाबायचं बाकी होतं. सव्वादोन. बाहेर काका आज झोपले नव्हते, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. दारावरची पाटी त्यांनी पाळली, आत आले नाहीत.

दोन वाजून बावीस मिनिटांनी पडद्यावर ओळ सरकली. लॅबचा पत्ता. त्याआधीचा मेल बारा वाजून पाच मिनिटांनी आलेला. मध्ये सव्वादोन तासांची शांतता.

ओळखीचा. फाइल बरी. आत.

मी फाइल उघडली. त्यात जे लिहिलं होतं ते मला सहावीपासून माहीत होतं. मी प्रिंट काढायला थांबले नाही, लॅपटॉप उचलून तसाच शेठजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचलं आणि उभे राहिले. काका मोटारसायकलला किक मारून गेटकडे निघाले होते, त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

गेट उघडलं. अकरा जणांना एकेक करून बाहेर आणलं, औषधाच्या पाण्याने हातपाय धुवायला लावले, मास्क दिले आणि दोन गाड्यांत बसवलं. आबाला दोघांनी धरलं होतं. माझ्याजवळून जाताना त्याने हाताने मला मागे हो म्हणून खूण केली. मी मागे झाले. गाड्या नंदुरबारच्या दवाखान्याकडे गेल्या. संध्याकाळच्या आत जीप आल्या, त्यातून पांढरे कपडे घातलेले लोक उतरले आणि पलीकडच्या रानात जेसीबी खणू लागला. त्याचा आवाज आम्हाला घरापर्यंत येत होता. माय दारात बसून ऐकत राहिली, आत यायला तयार नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की औषध वेळेत सुरू झालंय, आता बघू या. सहा दिवस आबाचा ताप चढत-उतरत राहिला. त्या सहा दिवसांत आम्ही त्याला काचेतून पाहिलं. सातव्या दिवशी ताप उतरला आणि त्याने नर्सकडे चहा मागितला.

फिल्टर आता कितीही तासांच्या शांततेनंतर पहिला मेल दोन सेकंदांत आत घेतो. त्या दुपारी रिपोर्ट आल्यापासून वीस मिनिटांत अकराही माणसं कुंपणाबाहेर होती. अकराही जण बरे होऊन आपापल्या घरी गेले.